तालुक्याच्या जुन्या बाजारओळीवर छत घालताना

विदर्भात लग्नसराई ऐन एप्रिल-मे महिन्यांत येते आणि त्याच दिवसांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे खेड्यांतून बस्ता बांधायला आलेली मंडळी तालुक्याच्या बाजारात दुपारी थांबत नाहीत; ज्यांना जमते ते थेट नागपूर किंवा अमरावती गाठतात. जुन्या कापड ओळीवर छत घालून ती निवांत पायी फिरण्याजोगी केली, तर हा धंदा गावातच राहू शकतो.

प्रथम गल्ली नीट निवडावी. मिलान शहरात १८६७ साली खुली झालेली गॅलेरिया ही छतदार बाजारपेठ कॅथेड्रलचा चौक आणि ला स्काला नाट्यगृहाचा चौक यांना जोडते, म्हणून तेथे वर्दळ आपसूक असते. आपल्याकडे बसस्थानकाकडून आठवडी बाजाराकडे जाणारी ओळ घ्यावी. पुढे बंद होणाऱ्या गल्लीवर खर्च करू नये.

नकाशा काढण्याआधी संमती मिळवावी, कारण माझ्या मते अशा योजना पैशांपेक्षा आपसातील अविश्वासामुळे अधिक रखडतात. जपानमधील ताकामात्सु येथील मारुगामेमाची बाजारपेठेत जमिनीची मालकी मूळ मालकांकडेच ठेवून ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेण्यात आली आणि इमारतींचा कारभार सामायिक संस्थेकडे सोपवण्यात आला. तेथील पहिला टप्पा २००६ साली पूर्ण झाला. आपल्याकडे रस्ता सहसा नगरपरिषदेचा असतो, तेव्हा खांब रोवण्याची परवानगी आणि देखभालीचा करार दोन्ही लेखी असावेत.

बांगड्या, फुले, भाजी विकणाऱ्यांना हटवून बाजार सुधारत नाही. गिऱ्हाईक त्यांच्यासाठीही येते. पथविक्रेता कायदा, २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात. त्या समितीसमोर जागांची आखणी ठरवावी.

छताच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. नुसते टिनाचे पत्रे घातले तर खाली भट्टी होते, म्हणून उष्णतारोधक पत्रे वापरावेत, छत दुकानांच्या माथ्याहून उंच ठेवावे आणि गरम हवा व धूर निघून जाण्यासाठी शिखरावर तसेच दोन्ही बाजूंना मोकळी फट सोडावी. अग्निशमन बंब आत शिरेल एवढी उंची व रुंदी अग्निशमन अधिकाऱ्यांकडून आधीच ठरवून घ्यावी, आणि त्या वाटेत पक्के ओटे बांधू देऊ नयेत. वावधानात पत्रे उडतात. त्यासाठी इमारतींवरील भारांविषयीच्या आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागानुसार वाऱ्याच्या भाराचे गणित संरचना अभियंत्याकडून करून घ्यावे. शंभर मीटर लांब आणि सहा मीटर रुंद छतावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ३० हजार लिटर पाणी खाली येते. ते पन्हाळींतून गाळणीच्या खड्ड्यात व तेथून जवळच्या विहिरीत सोडावे.

देखभालीसाठी प्रत्येक दुकानाकडून दर महिन्याला ठरावीक वर्गणी घ्यावी, आणि मृग लागण्यापूर्वी पन्हाळी साफ करून पत्र्यांचे नटबोल्ट तपासण्याचे काम त्याच वर्गणीतून करावे.