सोसायटीच्या गच्चीवर सोलर: नोंद कुठे करायची, पैसे कशाकशाचे भरायचे

सोलर लावायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "वॉर्ड ऑफिसात नोंद करायला लागते का हो?" मी पार्ल्यातल्या एका २४ फ्लॅटच्या सोसायटीची खजिनदार आहे. आमच्या गच्चीवर १० किलोवॉटची सिस्टीम आहे, म्हणून आसपासच्या कमिट्यांमधली मंडळी कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहून ठेवते.

नोंद होते ती वीज कंपनीकडे. तुमच्या कॉमन मीटरचं बिल ज्या कंपनीचं येतं, तिच्याकडेच. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, मुलुंड-भांडुपला महावितरण, बाकी उपनगरात अदानी किंवा टाटा. गोंधळ होतो तो समजण्यासारखा आहे. बेस्ट हा महापालिकेचाच उपक्रम, तेव्हा दादर-परळच्या माणसाने "पालिकेत नोंद" म्हटलं तर त्याला दोष देता येत नाही.

महापालिकेचा संबंध येतो तो गच्चीमुळे. कमरेएवढ्या सांगाड्यावर पॅनेल बसवणं वेगळं आणि "खाली हळदीकुंकू, बारशी करता येतील" म्हणून दहा-बारा फूट उंच मांडव उभारणं वेगळं. हल्ली वेंडर हा मांडव फार हौसेने खपवतात. तो करायचाच असेल तर आधी आर्किटेक्टकडून आराखडा करून घ्या आणि वॉर्डाच्या इमारत व कारखाने विभागात लेखी विचारा. त्या मांडवाला कोणी बाजूने पत्रे ठोकले की कागदोपत्री ती शेड झाली, आणि मुंबईत गच्चीवरच्या शेडला नोटीस येते हे सांगायला नको. जिन्याच्या दारापासून टाकीपर्यंत आणि टाकीभोवती चालायला वाट मोकळी ठेवा. ज्या इमारती जानेवारी-जुलैला अग्निसुरक्षेचा फॉर्म बी भरतात, त्यांनी आपल्या फायर एजन्सीच्या माणसाला पॅनेलचा नकाशा आधीच दाखवावा. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट तसंही करायचं असतं. त्याच इंजिनिअरकडून पॅनेलचं वजन आणि पावसाळी वाऱ्याचा जोर धरून एक पत्र लिहून घ्या. गच्चीचं वॉटरप्रूफिंग नुकतंच झालं असेल तर स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, सिमेंटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करता येतो. तो गरम जस्ताचा मुलामा दिलेलाच घ्या. आपल्या खाऱ्या हवेत नुसता रंग मारलेलं लोखंड टिकत नाही.

आता खरं काम. वेंडरला फोन लावण्याआधी कॉमन मीटरचं बिल हातात घ्या आणि त्यावरचं नाव वाचा. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांचं बिल वर्षानुवर्षं सोसायटी भरते, पण जुन्या इमारतींमध्ये बिलावर नाव असतं बिल्डरचं, नाहीतर मूळ जमीनमालकाचं. बिल भरताना त्याने काही अडत नाही म्हणून कोणी बघत नाही. सोलरच्या अर्जात मात्र बिलावरचं नाव, अर्जदाराचं नाव आणि अनुदान जमा व्हायचं बँक खातं, तिन्ही जुळायला लागतात. म्हणून आधी नावबदल. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, कमिटीचा ठराव, शेवटचं भरलेलं बिल जोडून अर्ज द्या आणि नवीन नावाचं बिल हातात पडेपर्यंत वेंडरला ॲडव्हान्स देऊ नका.

दुसरा आकडा बघायचा तो मंजूर भार, म्हणजे आपण ज्याला सँक्शन्ड लोड म्हणतो. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या रूफटॉप विनियमांप्रमाणे नेट मीटरिंगमध्ये (बाहेर दिलेली युनिटं घेतलेल्या युनिटांतून वजा होतात ती पद्धत) सोलरची क्षमता या भाराच्या आत असायला हवी. केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनी १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांची वाट सोपी केली. तांत्रिक तपासणीशिवाय अर्ज मंजूर धरला जातो आणि भार कमी पडत असेल तर कंपनी तो वाढवून घेते. १० च्या पुढे गेलात की तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर जागा आहे का, हे बघणं आलं. आम्ही १० वर थांबलो त्याचं हेही एक कारण. मात्र वाढलेला भार फुकट नसतो. तीन फेजच्या घरगुती दरात १० किलोवॉटच्या वर प्रत्येक वाढीव १० किलोवॉटला स्थिर आकार चढतो, आणि तो दर महिन्याला भरायचा असतो.

क्षमता गच्ची बघून ठरवू नका. वेंडर टेप घेऊन येतो, गच्ची मोजतो आणि "ताई, इथे २५ बसतील" म्हणतो. बसतील हो, पण वापर किती? मागच्या बारा बिलांची युनिटं लिहून काढा. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावलीविना जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिटं मिळतात. म्हणजे १० किलोवॉटला महिन्याला सुमारे १२०० युनिटं, जुलै-ऑगस्टमध्ये बरीच कमी. लिफ्टची मशिनरूम, पाण्याची टाकी, मोबाईलचा टॉवर यांची सावली सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीवर उभं राहून स्वतः बघा. आणि मुंबईत आणखी एक गोष्ट बघावी लागते: दक्षिणेकडची शेजारची इमारत रिडेव्हलपमेंटला जातेय का? आज तिथे तीन मजले असतील, पाच वर्षांनी टॉवर असेल. तुमच्याच इमारतीचं रिडेव्हलपमेंट घाटत असेल तर हा सगळा खटाटोप सोडा, सरळ जिन्यात एलईडी लावा.

हे सगळं झालं की जनरल बॉडी. एवढा खर्च कमिटीने आपल्या अधिकारात करू नये, विषयपत्रिकेवर घ्यावा. ठरावात क्षमता, कमाल खर्च, पैसा कुठल्या निधीतून, सही कोण करणार आणि अनुदान कुठल्या खात्यात घ्यायचं, हे पाचही मुद्दे लिहा. सिंकिंग फंडाला हात लावायचा असेल तर आधी ऑडिटरला विचारा. सभेत कोणीतरी विचारणारच, "लाइट गेली की लिफ्ट चालेल ना?" तेव्हा स्पष्ट सांगा की नाही चालणार. बॅटरीशिवायची, ग्रिडला म्हणजे कंपनीच्या वीजजाळ्याला जोडलेली सिस्टीम वीज गेली की आपोआप बंद होते. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते.

अनुदानाचं थोडक्यात. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये मिळतात, म्हणजे आमच्यासारख्या १० किलोवॉटला १ लाख ८० हजार. स्वतःचं घर असेल, गावठाणातलं किंवा बंगला, तर पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,००० आणि त्यापुढे कितीही बसवलं तरी एकूण ७८,०००. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटधारकाला गच्ची आपलीच वाटते, पण ती सोसायटीची असते. तिथे स्वतःसाठी पॅनेल लावायला सोसायटीची लेखी परवानगी हवी. अनुदान हवं तर पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात, बाजारात त्याला डीसीआर पॅनेल म्हणतात. ती महाग असतात. म्हणून प्रत्येक वेंडरकडून डीसीआर आणि बिगर-डीसीआर अशी दोन कोटेशनं घ्या आणि अनुदान वजा करून बघा. अनुदान खात्यात नंतर येतं, तेव्हा सुरुवातीला पूर्ण रक्कम हाताशी लागते. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचं कोटेशन कोणी पुढे सरकवलं तर नवीन मागा.

अर्ज करायचा तो योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर. ग्राहक क्रमांक टाकला, कंपनी निवडली की अर्ज आपोआप तुमच्या वीज कंपनीकडे जातो. मंजुरी आली की पोर्टलच्या यादीतला वेंडर निवडायचा. वेंडर म्हणेल, "तुमचा ओटीपी द्या, सगळं मी भरतो." भरू दे, पण मोबाईल नंबर आणि ईमेल सोसायटीचे द्या, त्याचे नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं प्रत्येक तक्रार त्याच नंबरावरून करायची आहे. काम झालं की परवानाधारक वीज कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट, पॅनेलचे सीरियल नंबर, अर्थिंगचे तीन खड्डे (डीसी, एसी आणि वीजरोधकाचा) यांचे फोटो, सगळं अपलोड होतं. कंपनीचा माणूस येऊन बघतो, नेट मीटरिंगचा करार होतो आणि मीटर बदलला जातो.

मीटर बदलेपर्यंत सिस्टीम चालू करू द्यायची नाही. वेंडरला घाई असते, "चार दिवस चालवून बघू" म्हणतो. जुन्या साध्या मीटरला वीज आत आली की बाहेर गेली हे कळत नाही. बरेचसे मीटर बाहेर गेलेली युनिटंही वापरात धरतात. म्हणजे वीज तुम्ही दिलीत आणि बिलही तुम्हालाच. शिवाय मंजुरीआधी ग्रिडला जोडणं नियमात बसत नाही ते वेगळंच.

आता पैसे. एकदाच भरायचे ते अर्जाचं शुल्क, कराराचा स्टॅम्प पेपर आणि मीटर, त्याची चाचणी. मीटर कोण देणार आणि चाचणीचे पैसे कोणाचे, हे वर्कऑर्डरमध्ये लिहून घ्या, नाहीतर शेवटी वेगळं बिल येतं. दर महिन्याचं मात्र नीट समजून घ्या, कारण "सोलरनंतर बिल शून्य" ही जाहिरात आहे. समजा एखाद्या महिन्यात सोलर मीटरने, म्हणजे पॅनेलची वीज मोजणाऱ्या वेगळ्या मीटरने, ११५० युनिटं दाखवली. नेट मीटरवर इम्पोर्ट ६२०, एक्स्पोर्ट ५४०. म्हणजे ६१० युनिटं दिवसा थेट लिफ्ट-पंपाने खाल्ली, ५४० बाहेर गेली, आणि रात्रीचे दिवे, पहाटेचा पंप यांनी ६२० बाहेरून घेतली. एकूण वापर १२३०, पण बिल ८० युनिटांचं. वीज आकार आणि वहन आकार (वीज तारांवरून आणून देण्याचा) या ८० वर. स्थिर आकार मात्र पूर्ण लागतो, एक्स्पोर्ट कितीही असो. आणि वीज शुल्क, आपल्याकडे घरगुतीला १६ टक्के, त्या स्थिर आकारावरही बसतं. जनरल बॉडीत हा हिशेब फळ्यावर मांडला की "मग बिल आलंच कसं?" हा प्रश्न वर्षभर ऐकावा लागत नाही.

ग्रिड सपोर्ट चार्ज, म्हणजे सोलरवाल्याने ग्रिड वापरल्याबद्दलचा आकार, या नावाने लोक घाबरतात. २०१९ च्या विनियमांत १० किलोवॉटपर्यंत मंजूर भार असलेल्या ग्राहकांना त्यातून सूट आहे, त्यामुळे बहुतेक घरांना त्याची चिंता नाही. लिफ्टवाल्या सोसायटीचा भार बहुधा त्याहून जास्त असतो. तिथे काय लागू आहे ते आयोगाच्या चालू दरआदेशात बघा, वेंडरच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. मीटर टीओडी (दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगळा दर लावणारा) असेल तर कुठल्या वेळेची युनिटं कुठल्या वेळेतून वजा होतात, तेही त्याच आदेशात सापडतं.

जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जातात, पण आर्थिक वर्षापुरतीच. ३१ मार्चला शिल्लक राहिलेली युनिटं कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि १ एप्रिलला खातं शून्यापासून सुरू होतं. तो दर तुम्ही भरता त्याच्या मानाने कमी असतो. सोसायटीला याचा फारसा त्रास नाही, कारण एप्रिल-मेच्या उन्हात साठलेलं जुलै-ऑगस्टात वापरलं जातं. एसीवाल्या घरांचं मात्र उलटं होतं. हिवाळ्यात साठवलेली युनिटं मार्चअखेर हिशेबातून जातात आणि एसी लागतो एप्रिलपासून. म्हणून घरासाठी क्षमता ठरवताना मे महिन्याचं बिल डोळ्यासमोर ठेवू नका, वर्षाची सरासरी धरा.

पहिल्या दोन-तीन बिलांचं वाचन खजिनदाराने स्वतः करावं. मीटर रीडिंग होतं त्या दिवशी नेट मीटरवर बटण दाबून इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट दोन्ही आकड्यांचा फोटो काढा, सोलर मीटरचाही, आणि बिल आलं की ताडून पाहा. एक्स्पोर्टचा रकाना कोरा किंवा मागची शिल्लक गायब असेल तर फोटो जोडून लेखी तक्रार द्या, फोनवर भांडू नका. कंपनीकडून दाद मिळाली नाही तर तिच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं, आणि मंचाचा निकाल पटला नाही तर विद्युत लोकपालांकडे. एप्रिलच्या बिलात शिल्लक युनिटांचे पैसे जमा दिसायला हवेत. ऑडिटर तेच आधी विचारतो, तेव्हा मार्चचं आणि एप्रिलचं बिल एकत्र पिन करून ठेवा.