थंडरबर्डवर जीमेल: इन्स्टॉल करण्यापासून पहिल्या लॉगिनपर्यंत

सोसायटीचा सेक्रेटरी झालो तेव्हा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मेलचा प्रोग्राम मीच बसवला होता. ‘आयमॅप’ हवं की ‘पॉप’, असं त्याने विचारलं आणि मी न वाचताच ‘पॉप’वर क्लिक केलं. दोन वर्षांनी हार्ड डिस्क बंद पडली. लिफ्टच्या कंत्राटापासून ऑडिटरच्या पत्रांपर्यंत सगळा पत्रव्यवहार तिच्यासोबत गेला. तेव्हापासून कुणाकडे थंडरबर्ड बसवून द्यायला गेलो की त्या एका प्रश्नाशी मी मुद्दाम थांबतो.

थंडरबर्ड हा मोझिला (फायरफॉक्स ब्राउझरवाले) परिवारातला, मेल वाचायचा-पाठवायचा, २००४ पासून चालत आलेला फुकट प्रोग्राम. दोन-तीन मेल खाती एकाच खिडकीत बघता येतात, आणि नेट गेलं तरी उतरवलेली जुनी पत्रं वाचता येतात. नव्या आवृत्तीला विंडोज १० किंवा त्यापुढचं लागतं.

डाउनलोड फक्त थंडरबर्ड डॉट नेट या साइटवरूनच करा. पत्ता स्वतः टाइप करा, कारण सर्चमध्ये वर दिसणारी जाहिरात खरी साइट असेलच असं नाही. पानावर देणगीची विनंती येते. द्यायची की नाही हा तुमचा प्रश्न, डाउनलोड त्यावाचून अडत नाही. फाइल उतरली की डबल क्लिक करा. ‘या ॲपला बदल करू द्यायचे का?’ असं विंडोज विचारेल. ‘येस’ म्हणण्याआधी त्याच चौकटीत प्रकाशकाचं (‘पब्लिशर’), म्हणजे प्रोग्राम काढणाऱ्याचं, नाव बघा. तिथे मोझिला दिसलं पाहिजे. दुसरंच काही असेल तर ‘नो’ म्हणा आणि फाइल उडवून टाका. पुढे ‘स्टँडर्ड’ निवडून ‘नेक्स्ट’ करत गेलात की चहा उकळेपर्यंत काम होतं.

प्रोग्राम उघडला की खातं जोडायची खिडकी येते. आली नाही, तर तीन आडव्या रेघांच्या मेन्यूत ‘न्यू अकाउंट’ सापडेल. नावाच्या रकान्यात जे लिहाल तेच समोरच्याला पाठवणाऱ्याचं नाव म्हणून दिसतं, तेव्हा मराठीत हवं असेल तर इथेच देवनागरीत लिहा. खाली जीमेलचा पत्ता द्या आणि ‘कंटिन्यू’ करा. सर्व्हरची, म्हणजे गुगलकडच्या मेल सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची, माहिती थंडरबर्ड स्वतःच शोधून काढतो.

आता तो प्रश्न. ‘आयमॅप’ म्हणजे पत्रं गुगलकडेच राहतात आणि कॉम्प्युटरवर त्यांची नक्कल दिसते. फोनवर वाचलेलं इथेही वाचलेलं दिसतं. इथे खोडलेलं मात्र तिथूनही जातं, हे विसरू नका. ‘पॉप’मध्ये पत्रं उतरवून घेतली जातात आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून काढूनही टाकली जातात. माझी वाट तिथेच लागली. तेव्हा ‘आयमॅप’च निवडा. जुन्या व्हिडिओंत ‘आधी जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आयमॅप चालू करा’ असं सांगतात. आता ते कायम चालूच असतं.

यानंतर गुगलची स्वतःची लॉगिन खिडकी उघडते. पासवर्ड त्या खिडकीत द्यायचा. टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) चालू असेल तर फोनवर विचारणा येईल, ती मंजूर करा. मग थंडरबर्डला तुमची मेल वाचायची आणि पाठवायची परवानगी हवी आहे, असं पान येतं. तिथे ‘अलाउ’ केलं की झालं. कॉम्प्युटरवर साठते ती या परवानगीची किल्ली, गुगलचा पासवर्ड नव्हे. पण त्या खुर्चीत जो बसेल त्याला तुमची मेल दिसणारच. सेटिंगमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ‘प्रायमरी पासवर्ड’ ठेवला तर ही साठवलेली किल्ली निदान कुलपात राहते.

खिडकी पुन्हा पुन्हा पासवर्डच मागत असेल, तर बहुतेक थंडरबर्डमधल्या कुकीज (लॉगिन लक्षात ठेवायला साइट साठवते त्या छोट्या नोंदी) बंद असतात. त्याच ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन त्या चालू करा. ‘सर्टिफिकेट’ची, म्हणजे सर्व्हर खरा असल्याच्या दाखल्याची, तक्रार आली तर आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्डवरचा गोल सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि सुरक्षित जोडणीच होत नाही. बहुतेक ठिकाणी तो सीआर २०३२ नावाचा, रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो. शेजारच्या काकांकडे तासभर पासवर्ड बदलत बसलो होतो, आणि तारीख होती २००९ ची!

पहिल्या लॉगिननंतर सगळी जुनी मेल उतरायला लागते. फुकट जीमेलची जागा १५ जीबी, ती गुगलवरचे फोटो आणि गुगल ड्राइव्हवरच्या फाइलींसकट. त्यातली निम्मी जरी मेलने भरली असली, तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा तासाभरात संपेल. शिवाय इनबॉक्समधलं पत्र ‘ऑल मेल’ या फोल्डरमध्येही असतं, म्हणजे तेच पत्र दोनदा उतरतं. खात्याच्या नावावर राइट क्लिक करून ‘सबस्क्राइब’मध्ये जा आणि ‘ऑल मेल’समोरची खूण काढा. ‘अकाउंट सेटिंग्ज’मधल्या ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’मध्ये अलीकडच्या ठरावीक दिवसांचीच पत्रं ठेवायची सोय आहे. ३० दिवस पुरतात.

सोसायटीचं किंवा दुकानाचं सामायिक खातं असेल, तर माणूस बदलला की गुगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ पानावर जा, जोडलेल्या ॲपमधून थंडरबर्ड काढून टाका आणि पासवर्ड बदला. प्रोग्राम अनइन्स्टॉल करून भागत नाही, आधी उतरलेली पत्रं त्या कॉम्प्युटरवर तशीच राहतात. विंडोजच्या ‘रन’ या चौकटीत ‘ॲपडेटा’ हे नाव इंग्रजीत, आगेमागे टक्क्याची खूण लावून टाकलं की जे फोल्डर उघडतं, त्यात थंडरबर्डचं फोल्डर दिसेल. तेही खोडायचं.