केनो सिटीला जाताना एक रात्र तरी हाताशी ठेवा

कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, व्हाइटहॉर्समध्ये माझ्याकडे येणारे पाहुणे हमखास विचारतात, "केनोला सकाळी जाऊन रात्री परत येता येईल ना?" केनो सिटी म्हणजे याच प्रदेशातलं चांदीच्या खाणींचं छोटं गाव. एका दिवसात जाऊन येता येईल, पण तसं जाऊ नका. एका बाजूनंच साडेचारशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. पहिल्या खेपेला मी तेच केलं. गावात दोन तास मिळाले, त्यातला एक पावसात गेला, आणि परतताना पूर्ण वाट हळहळत राहिले.

जायचं ते जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. त्याआधी डोंगरावरच्या वाटेत बर्फ असतो. कपडे मात्र दोन्ही टोकांचे घ्या. शेजारच्या मेयो गावात 1947 च्या फेब्रुवारीत उणे 62.2 अंश नोंदले गेलेत आणि 1969 च्या जूनमध्ये 36.1. मच्छरदाणीची टोपी विसरू नका.

क्लॉन्डाइक हायवेनं उत्तरेला स्ट्यूअर्ट क्रॉसिंग गाठा आणि उजवीकडे सिल्व्हर ट्रेलला लागा. तिथून केनो साधारण 110 किलोमीटर, निम्म्या वाटेवर मेयो. मेयोत टाकी काठोकाठ भरा, कारण केनोत पंप नाही. पुढे खडीचा रस्ता सुरू होतो. आसपासच्या डोंगरांत खाणकाम पुन्हा चालू झालंय, त्यामुळे समोरून अवजड ट्रक येतात. दिवे लावून ठेवा, ट्रक दिसला की वेग कमी करून कडेला सरका. स्पेअर टायरमधली हवा घरीच तपासा. माझा टायर एल्साजवळ फुटला तेव्हा स्पेअरही बसलेला निघाला. केनोतल्या एका बाईंनी पंप आणून दिला, पैसे घेतले नाहीत.

एल्सा हे कंपनीचं गाव. 1989 मध्ये खाण बंद पडली आणि गाव रिकामं झालं. रस्त्यावरून बघा, आत शिरू नका. जुन्या बोगद्यांत तर पाऊलही टाकू नका. लाकडी टेकू कुजलेले असतात आणि आतली हवा कशी असेल ते बाहेरून कळत नाही.

केनोला मात्र ओसाड गाव म्हणू नका. वीसेक माणसं का होईना, राहतात. पडकी वाटणारी झोपडीही कुणाची तरी असते, म्हणून फोटोआधी विचारा.

संग्रहालयाला निदान तीन तास द्या. 1920 च्या दशकातल्या नाचघरात ते आहे, उन्हाळ्यातच उघडतं. लुई बूवेटला 1919 मध्ये केनो हिलवर चांदी सापडली, तिथून सगळं सुरू झालं. खनिज पोत्यांत भरून हिवाळ्यात बर्फावरून मेयोला ओढत न्यायचे आणि नदी मोकळी झाली की बोटीत चढवायचे. त्या कामासाठी 1922 मध्ये बांधलेली 'केनो' बोट आता डॉसनला काठावर उभी आहे. इतकी यातायात परवडायला खनिज तितकंच कसदार लागे, हे तिथं उभं राहिल्यावर पटतं.

एका म्हाताऱ्या खाणकामगारानं ओट्यावरचा गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या खनिजाचा, तुकडा माझ्या हातावर ठेवला होता. लिंबाएवढाच, पण हात खाली गेला इतका जड. तुटलेल्या बाजूला बारीक चौकोनी पायऱ्या, आरशासारख्या लखलखणाऱ्या. बोटं करडी झाली. "हात धुवा, शिसं आहे," ते म्हणाले. चांदी त्या शिशाच्या खनिजातच दडलेली असते. पण डोंगरावरचा असा दगड खिशात घालू नका, तिथल्या जमिनीवर खाणहक्क असतात.

संध्याकाळ केनो हिलसाठी ठेवा. माथा साधारण 1,850 मीटरवर. दहाएक किलोमीटरची खडबडीत चढण आहे, उंच चाकांची गाडी असेल तरच न्या. वर जगभरच्या शहरांकडे बाण दाखवणारा खांब आहे. सगळे तिथं फोटो काढून लगेच उतरतात. तुम्ही दगडांच्या राशीजवळ दहा मिनिटं न हलता बसा. बारीक शिट्टी ऐकू आली की तिकडे बघा: मुठीएवढी पायका (सशाच्या जातकुळीतला छोटा प्राणी) तोंडात गवताची जुडी धरून पळताना दिसेल, हिवाळ्याचा साठा करत. जूनमध्ये रात्री अकरालाही ती दिसण्याइतका उजेड असतो.

उतरताना गाडी खालच्या गियरमध्ये ठेवा, आणि वर जाताना ज्यांना सांगून गेलात त्यांना परत आल्याचं कळवा.