जँगोत भूमिका आणि परवानग्या: पतसंस्थेच्या कर्जमंजुरीचं उदाहरण

पतसंस्थेचं काम हाती घेतलं की मी आधी वही काढते आणि कोण काय करतं ते क्रियापदांत लिहिते. लिपिक कर्जअर्ज नोंदवतो, शाखाधिकारी मंजूर करतो, रोखपाल रक्कम देतो, लेखापरीक्षक फक्त पाहतो. एका क्रियापदाला एक परवानगी.

जँगो म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट बनवण्याची चौकट. मायग्रेट (डेटाबेसमध्ये बदल लागू करणारी आज्ञा) चालवलं की जँगो प्रत्येक मॉडेलसाठी (डेटाबेसमधल्या तक्त्याचं कोडमधलं रूप) ॲड, चेंज, डिलीट आणि व्ह्यू या चार परवानग्या आपोआप तयार करतं. व्ह्यू २०१८च्या २.१ आवृत्तीपासून आली. ‘मंजूर करणं’ यांपैकी कशातच बसत नाही. शाखाधिकाऱ्याला चेंज देऊन वेळ मारून नेऊ नका. त्याला मग अर्जातली रक्कमही बदलता येते, आणि पैशांच्या व्यवहारात हे मला अजिबात चालत नाही. मॉडेलच्या मेटा क्लासमधल्या पर्मिशन्सच्या यादीत ‘अप्रूव्ह_लोन’ अशी वेगळी परवानगी जोडा, मेकमायग्रेशन्स आणि मायग्रेट चालवा. मग ॲडमिनमध्ये (जँगोच्या व्यवस्थापन पानांवर) भूमिकेगणिक ग्रुप करून त्याला परवानग्या द्या आणि माणसांना ग्रुपमध्ये टाका.

कोडमध्ये ग्रुपचं नाव कधीही तपासू नका. उद्या सहायक शाखाधिकारी हे पद आलं, तर जिथे जिथे नाव लिहिलंय तिथे तिथे शोधत फिरावं लागेल. ‘हॅज_पर्म’ने परवानगीच विचारा. टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) मंजुरीचं बटण लपवलं तरी पत्ता थेट टाकून विनंती पाठवता येतेच, म्हणून खरी तपासणी व्ह्यूमध्ये हवी (इथे व्ह्यू म्हणजे परवानगी नव्हे, तर विनंतीला उत्तर देणारा कोड). फंक्शन व्ह्यूला ‘पर्मिशन_रिक्वायर्ड’ डेकोरेटर लावताना ‘रेझ_एक्सेप्शन’ ट्रू ठेवा. नाहीतर लॉगिन केलेला लिपिकही पुन्हा लॉगिनच्या पानावर जातो आणि आपलं काय चुकलं हे त्याला कळत नाही.

दोन गोष्टी ग्रुपमधून साधत नाहीत. शाखाधिकाऱ्याला आपल्याच शाखेचे अर्ज दिसायला हवेत. त्यासाठी क्वेरीसेट (डेटाबेसमधून आणायच्या नोंदींचा संच) युजरच्या शाखेनुसार गाळा. आणि अर्ज ज्याने नोंदवला त्यानेच तो मंजूर करता कामा नये. मंजुरीच्या फंक्शनमध्ये ‘नोंदवणारा’ आणि ‘रिक्वेस्ट.युजर’ यांची तुलना करा, एकच निघाले तर पर्मिशनडिनाइड हे एक्सेप्शन उठवा.

तपासताना सुपरयुजर वापरू नका, त्याला सगळ्याच परवानग्यांना होकार मिळतो. प्रत्येक भूमिकेचा एक साधा युजर करा आणि टेस्टमध्ये नकारही तपासा: लिपिकाने मंजुरीची विनंती पाठवली की ४०३ (परवानगी नाकारल्याचा कोड) आलंच पाहिजे. टेस्टमध्ये ग्रुप बदललात तर युजर डेटाबेसमधून नव्याने आणा, कारण एकदा विचारलेल्या परवानग्या जँगो त्या ऑब्जेक्टवर साठवून ठेवतं.