मानसोपचार वॉर्डातली पहिली पोस्टिंग: आधी जवळ बसायला शिका

नर्सिंगच्या पोरापोरींना मानसोपचाराची पोस्टिंग लागली की घरचे म्हणतात, "जपून राहा, तिथं मारतात." ही भीती घेऊन आलात तरी चालेल. मी सव्वीस वर्षं याच वॉर्डांत ड्यूटी केली. बहुतेकांची भीती दोन-तीन दिवसांत उतरताना पाहिली आहे.

आधी हँडओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीनं दिलेली माहिती, नीट ऐका. कोण जेवलं नाही, कोण रात्रभर जागं होतं, कोणावर लक्ष ठेवायचं आहे. ओढणी, लोंबतं आयकार्ड, लांब कानातले बाहेर ठेवून या. मग पेशंटजवळ जाऊन बसा. अगदी समोरासमोर नको, जरा तिरकं, हात पुरणार नाही एवढ्या अंतरावर. दाराकडची वाट दोघांनाही मोकळी हवी. नाव सांगा आणि किती दिवस आहात तेही सांगा: "मी शिकायला आलेय, चार आठवडे असेन." अमेरिकन नर्स हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ साली नर्स-पेशंट नात्याचे टप्पे मांडले. त्यांच्या मते हे नातं हाच उपचाराचा भाग असतो. म्हणून निरोपाची तारीख पहिल्याच दिवशी सांगायची.

पेशंट म्हणाला, "भिंतीतून बाई बोलतेय," तर वाद घालू नका आणि हो ला हो सुद्धा करू नका. "मला तो आवाज येत नाही, पण तुम्हाला येतोय आणि त्याचा त्रास होतोय, हे दिसतंय," एवढं म्हणा. ती बाई काय सांगते, हे मात्र नक्की विचारा. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल तर लगेच इन्चार्जच्या कानावर घाला. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आणि "हे कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. उदास पेशंट जरा हिंडूफिरू लागला की आपण निर्धास्त होतो, पण अंगात ताकद आधी येते आणि मन मागून सावरतं. त्या दिवसांत नजर जास्त ठेवा.

गोळी हातावर ठेवून पुढच्या खाटेकडे वळू नका. पाणी द्या, दोन शब्द बोला, गिळली का बघा. गालात दडवली असेल तर रागावण्याआधी कारण विचारा.

माझ्याकडून घडलेली चूक इथं सांगायलाच हवी. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका हॉस्पिटलात, संध्याकाळच्या ड्यूटीला वीस-बावीस वर्षांचा मुलगा जेवताना मान वाकडी करून बसला होता. डोळे छताला लागलेले. रिपोर्टबुकात मी लिहिलं, "नाटक करतो." वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, घास तोंडातच आहे हो त्याच्या. गिळताच येत नाहीये." आदल्या दिवशी त्याला हॅलोपेरिडॉलचं, म्हणजे भास-भ्रम कमी करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं होतं आणि त्यामुळे त्याचे स्नायू आखडले होते. डॉक्टरांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळानं मान सरळ झाली. तो म्हणाला, "मला वाटलं, देवीचा कोप झाला." त्या दिवसापासून "नाटकी", "आक्रमक" हे शब्द मी रिपोर्टमधून काढून टाकले. काय दिसलं, किती वाजता, पेशंट नेमकं काय म्हणाला, एवढंच लिहायचं. लिथियम या मूड सांभाळणाऱ्या औषधावरच्या पेशंटलाही असंच बघायचं. जुलाब, उलट्या, हाताची वाढती थरथर किंवा झोकांड्या दिसल्या तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना सांगायचं.

इतिहासाच्या तासाला पॅरिसच्या डॉक्टर पिनेल यांनी मनोरुग्णांच्या साखळ्या तोडल्या असं शिकवतात. पण तिथल्या बिसेत्र रुग्णालयात १७९७ साली साखळ्या काढल्या त्या जाँ-बातिस्त पुसाँ यांनी. ते डॉक्टर नव्हते. त्याच रुग्णालयात पेशंट म्हणून आले होते आणि पुढे वॉर्डाची देखरेख त्यांच्याकडे आली. रात्रंदिवस तिथं वावरणाऱ्या माणसाला ते सुचलं, याचं मला नवल वाटत नाही. मला आमच्या मावशी आठवतात.

आपल्याकडे त्याला फार उशीर झाला. तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवायच्या एका आश्रमात, ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या २८ जणांना पळताच आलं नाही. आता २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं साखळीनं बांधायला आणि एकट्याला कोंडायला बंदी आहे. पेशंटला जखडून ठेवणं हा शेवटचा उपाय: जिवाला तातडीचा धोका असेल, दुसरा मार्गच नसेल आणि मानसोपचारतज्ज्ञांनी परवानगी दिली असेल तरच, आणि गरजेपुरताच वेळ. शिक्षा म्हणून किंवा "स्टाफ कमी आहे" म्हणून बांधता येत नाही. कुणी सांगितलं तरी हे कलम ९७ त्यांना दाखवा. बांधावंच लागलं तर त्याला कारण सांगा, बोटं गार किंवा निळी पडत नाहीत ना हे पुन्हा पुन्हा बघा, पाणी पाजा, लघवीला विचारा.

शेवटच्या आठवड्यात रोज आठवण करून द्या: "शुक्रवारी माझा शेवटचा दिवस." फोन नंबर देऊ नका, "भेटायला येईन" असंही म्हणू नका. एक काका रोज विचारायचे, "उद्या येणार ना?" त्यांच्या विद्यार्थिनीनं कॅलेंडरवर दिवस खोडायला त्यांच्याच हातात पेन दिलं होतं. शुक्रवारी त्यांनी शेवटची फुली मारली आणि तिला गेटपर्यंत सोडायला आले.