टॉप १४ ची बाद फेरी: तयारी एप्रिलपासूनच

तुलूझला राहायला आल्यापासून टॉप १४ या फ्रेंच रग्बी लीगच्या जूनमधल्या बाद फेरीची वाट मी दिवाळीसारखी पाहते. तुम्हालाही ती मनापासून अनुभवायची असेल, तर एप्रिलपासूनच गुणतक्ता हाताशी ठेवा.

चौदा संघ, २६ फेऱ्या. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. तिसऱ्याच्या मैदानावर सहावा जातो, चौथ्याच्या मैदानावर पाचवा. म्हणून दुसरं स्थान सोन्यासारखं, एक सामना वाचतो आणि थकलेल्या पायांना विश्रांती मिळते. विजयाचे ४ गुण, पण खरी चुरस बोनसची: समोरच्यापेक्षा ३ ट्राय (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) जास्त केल्या तर एक गुण, आणि ५ किंवा कमी गुणांनी हरलात तरी एक. शेवटच्या दोन फेऱ्यांत मी सामना बघता बघताच वहीत ही गणितं मांडते.

मग दुखापतींच्या बातम्या वाचा, पण धीर सोडू नका. २०२५ च्या मार्चमध्ये तुलूझचा स्टार खेळाडू आंत्वान द्युपाँ याचा गुडघा दुखावला, तेव्हा मला रडू आलं होतं. तरी अंतिम सामन्यात तुलूझने बोर्डोला जादा वेळेत ३९-३३ असं हरवलं!

पेनल्टी (समोरच्याच्या चुकीबद्दल मिळणारी, गोलखांबांमधून मारायची किक) कोण मारणार, हे मात्र आधी बघाच. अटीतटीच्या सामन्यात तिचे तीन गुण फार मोलाचे ठरतात.

नाशिकच्या भावाला मी आधीच बजावते: इथले रात्रीचे नऊ म्हणजे तुझे साडेबारा, दुपारी झोप काढून ठेव.