खोट्या अर्थांच्या खेळाची तयारी: खरा अर्थ आधी चिठ्ठीवर उतरवा

मागच्या मे महिन्यात घरी नऊ जण जमलो होतो. बाहेर ४५ अंश, म्हणजे संध्याकाळपर्यंत कोणीही दाराबाहेर पाऊल टाकणार नव्हतं. खेळ मीच सुचवला. एकाने कोशातला अनोळखी शब्द सांगायचा, बाकीच्यांनी त्याचा खरा वाटेल असा अर्थ चिठ्ठीवर रचायचा, कोशातला खरा अर्थ त्यांत मिसळून सगळ्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि खरा कोणता ते ओळखायचं. शब्द होता ‘थारोळं’. माझ्या हातात आठ चिठ्ठ्या आल्या. चार वाचून झाल्या आणि मग खरा अर्थ वाचायला मी चिठ्ठ्या बाजूला ठेवून मांडीवरचा कोश उघडला. भाचा लगेच म्हणाला, “मामी, हे तर तुम्ही पुस्तकातून वाचून राहिल्या!” आठही मतं त्याच अर्थाला. मावशीने रचलेला अर्थ होता, ‘लग्नात नवऱ्या मुलाचे पाय धुतलेलं पाणी झेलायचं पसरट भांडं’. इतका सुरेख अर्थ, आणि त्याला एकही मत पडलं नाही. मावशी काही बोलली नाही, पण पुढच्या शब्दाला तिने दोन ओळी खरडल्या आणि उठून गेली. मला ते अजून लागून आहे.

म्हणून या मे महिन्यासाठी सगळं लिहून ठेवते आहे. पहिली गोष्ट हीच: खरा अर्थ आदल्या रात्रीच चिठ्ठीवर उतरवून ठेवा. बाकीच्यांना देणार त्याच वहीचा कागद, तेवढाच तुकडा, तेच पेन.

आता शब्द. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण नागपुरात हा घोळ वेगळाच होतो. पुण्याहून आलेल्या वहिनींना ‘सराटा’, ‘पावशी’, ‘बंगई’, ‘टोंगळा’ हे शब्द अवघड वाटतील. आपल्याकडे मात्र उलथन्याला सराटा, विळीला पावशी, झोपाळ्याला बंगई आणि गुडघ्याला टोंगळा म्हणतात, हे सहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. ‘सांबार’ म्हटलं की निम्म्या लोकांना कोथिंबीर आठवते आणि निम्म्यांना इडली. ‘बंडी’ तर त्याहून वाईट. तिकडे ती अंगात घालतात, इकडे तिला बैल जुंपतात. दोन खरे अर्थ असलेला शब्द काढला की भांडण ठरलेलं. घरात शेतीवाडी पाहिलेली आजी असेल तर ‘डवरा’, ‘दमणी’, ‘सोंगणी’ हे शब्द काढूच नका. ती अर्थ सांगेलच, वर त्याची गोष्टही सांगेल. गोष्ट ऐकण्यासारखी असते, पण तेवढ्यात डाव गेलेला असतो.

उलट बाजूने विचार करा. कोकणात, मावळात भातशेतीत पावसापासून बचावाला डोक्यापाठीवर घ्यायचं पानांचं इरलं इकडच्या मुलांनी पाहिलेलं नसतं, म्हणून ‘इरलं’ चालतो. पण सगळ्यात छान चालतात ते शब्द, जे आपण रोज वापरतो आणि ज्यांच्यामागची वस्तू आपल्याला माहीत नसते. ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असं सगळेच म्हणतात. पासंग म्हणजे तराजूची पारडी सारखी व्हावीत म्हणून हलक्या बाजूला बांधलेलं वजन, हे फार थोड्यांना सांगता येतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, पण सुंभ ही काथ्याची दोरी, हे विचारून पाहा किती जण सांगतात. थारोळं तसंच. ‘रक्ताच्या थारोळ्यात’ हे वर्तमानपत्रात शंभरदा वाचलेलं असतं, पण मोटेचं पाणी विहिरीच्या काठावर जिथे ओततात ती जागा म्हणजे थारोळं, हे मोटा गेल्या तशा विस्मरणात गेलं. अशा शब्दाला प्रत्येकाला वाटतं की आपल्याला अंदाज आहे, आणि तिथेच तो खोट्या अर्थाला मत देतो. सगळ्यांना पूर्ण परका असलेला संस्कृत शब्द काढला तर रचायलाच काही सुचत नाही, चिठ्ठ्या कोऱ्या येतात.

शब्द शोधायला मोल्सवर्थचा कोश (१८३१ चा, आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ मध्ये निघाले. त्यात शब्दापुढे कंसात (व.) किंवा (ना.) दिसलं, म्हणजे वऱ्हाडी किंवा नागपुरी, तर तो शब्द आपल्या घरी बहुधा बाद धरा. बाल्डरडॅश नावाचा या खेळाचा तयार डबा १९८४ मध्ये कॅनडात निघाला, पण त्यातले पत्ते इंग्रजी. तो मराठी घरात काय कामाचा?

आता परत तेच, कारण कोश हाताशी आला की हमखास चूक होते. कोशातला मजकूर जसाच्या तसा उतरवू नका. मोल्सवर्थमध्ये अर्थ इंग्रजीत आहेत, ते मराठीत करावे लागतात, आणि ऐनवेळी वाचता वाचता भाषांतर करायला गेलात की अडखळता, लोक तुमच्या तोंडाकडे बघतात आणि संपलं. दाते-कर्व्यांमध्ये ‘न.’, ‘पु.’, व्युत्पत्तीचे चौकोनी कंस, जुने अनुस्वार, उदाहरणं, असं बरंच असतं. ते सगळं काढा. दहा-पंधरा शब्दांचं एकच वाक्य करा, घरातली माणसं लिहितील तसं. ते मोठ्याने दोनदा वाचा. मग चिठ्ठीवर. चिठ्ठीच्या मागे शब्दाचं नाव लिहू नका, तसा मोह होतो. नऊ शब्दांच्या नऊ चिठ्ठ्या एका पाकिटात, आणि पाकीट खेळताना खिशात किंवा पदराखाली. कोश दुसऱ्या खोलीत. हो, दुसऱ्याच खोलीत. वाद झालाच तर डाव संपल्यावर आणायचा.

नऊ शब्द अशासाठी की दोन-तीन बाद होतात. शब्द सांगितल्यावर विचारायचं, “कोणाला नक्की माहीत आहे?” एक हात वर आला तरी पुढचा शब्द घ्या. अर्थ विचारायचा नाही, हुज्जत घालायची नाही. नऊ माणसांत एका शब्दाला आम्हाला दहा-बारा मिनिटं लागली, त्यामुळे सहा शब्द झाले तरी दुपार निघते.

कागद, पेनं: सारखी. निळं-काळं असं मिसळू नका. फराळ डाव संपल्यावर. चिवड्याचे तेलकट डाग पडलेली चिठ्ठी कोणाची ते लपत नाही.

कूलर. हे बाहेरच्यांना कळणार नाही, पण आपल्याकडे कूलर बंद ठेवून मे महिन्यात कोणी बसणार नाही, आणि त्याच्या झोतासमोर चिठ्ठ्या ठेवल्या की त्या थेट दिवाणाखाली जातात. खोल डबा किंवा गंज, म्हणजे खोल पातेलं, घ्या, त्यात चिठ्ठ्या टाका. वाचणाऱ्याने कूलरकडे पाठ करून बसू नये, आवाज कोणापर्यंत पोचत नाही. वाचण्यापुरता पंख्याचा वेग कमी करा, पंप चालू राहू द्या.

माणसं पाचाच्या वर हवीत. दहाच्या वर गेली तर जोड्या करा. आजीची जोडी नातीशी, आजीने सांगायचं आणि नातीने लिहायचं. अक्षर ओळखू येण्याचा प्रश्नही यात थोडा सुटतो. मुलांना आधी एकच सांगा: विनोदी लिहू नका, रुक्ष लिहा. हसू आलेल्या अर्थाला कोणी मत देत नाही. १९३४ च्या वेब्स्टरच्या मोठ्या इंग्रजी कोशात ‘डॉर्ड’ म्हणजे ‘घनता’ असा एक शब्दच चुकून शिरला होता, कारण एका चिठ्ठीवरचं ‘D or d’ (घनतेसाठी मोठा किंवा लहान डी) हे संक्षेपाचं टिपण कोणीतरी सलग वाचलं. ती चूक १९३९ मध्ये लक्षात आली. तोवर शंका यायला जागाच नव्हती, इतका तो अर्थ साधा होता.

गुण आधीच कागदावर लिहून भिंतीला लावा. खरा अर्थ ओळखला तर दोन, तुमच्या खोट्या अर्थाला पडलेल्या प्रत्येक मताला एक, कोणीच खरा ओळखला नाही तर शब्द देणाऱ्याला तीन. एखाद्याने न कळत खराच अर्थ लिहिला तर त्याची चिठ्ठी गुपचूप बाजूला आणि त्याला तीन. स्वतःच्या अर्थाला मत नाही.

प्रत्यक्ष खेळताना: लिहायला तीन मिनिटं. चिठ्ठ्या जमल्या की पाकिटातली खरी चिठ्ठी गंजात टाका, सगळ्यांदेखत नाही, पण घाईनेही नाही. मग ढवळा. मग सगळ्या एकदा मनात वाचून घ्या, डॉक्टरी अक्षर असेल तिथे खूण करा, खऱ्या चिठ्ठीवरही तितकाच वेळ थांबा. चिठ्ठ्यांवर आकडे ढवळल्यावरच घाला. वाचताना एकच चाल, एकच वेग. खरी चिठ्ठीही हातातल्या चिठ्ठीवरूनच वाचायची. पाठ असली तरी चिठ्ठीकडे बघूनच.

दोनदा वाचा. मतं एकदम, बोटांनी आकडा दाखवून. आधी खोटे अर्थ उघडा, ज्याचा त्याने हात वर करायचा, खरा सगळ्यात शेवटी. पुढचा शब्द पुढच्या माणसाचा असेल तर त्याच्याही चिठ्ठ्या आदल्या रात्री झालेल्या हव्यात, फोन करून विचारा.

गुण मांडायला एक जण. पाणी, पन्हं. मोबाइल टोपलीत. मावशीला पहिला डाव द्यायचा आहे, तिचा शब्द तिने आधीच निवडला आहे म्हणे. तिची खरी चिठ्ठी झाली का, तेवढं आज रात्री विचारते.